जेवन

“अगं, तू आमच्या आईला शाळेत कधी घातलंस?”

फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. अक्कांचा आवाज तसा नेहमीचाच, चाळीस वर्षं वर्गात मागच्या बाकापर्यंत पोचवलेला. मला आधी काही कळेना. मग त्या म्हणाल्या, “पान एकशे बारा काढ. ‘जेवण वेळेवर घ्या.’ आमच्या आईनं जन्मात ‘जेवण’ म्हटलं नाही. जेवन. आणि वेळेवर पण नाही, येळंवर.” मी लॅपटॉप उघडला. पान एकशे बारावर खरंच ‘जेवण’ होतं. एकशे चौदावर ‘पाणी’ होतं, एकशे सतरावर ‘कोण’, ‘आणि’, ‘नाही’. सगळं कसं धुऊन, वाळवून, घडी घालून ठेवल्यासारखं. अक्का म्हणाल्या, “वाचताना मला वाटलं, शेजारच्या इनामदारीणबाईंची पत्रं वाचतेय.” आणि फोन ठेवला. त्या रागावल्या होत्या की हसत होत्या, हे मला अजून नक्की सांगता येत नाही.

मेथी त्या दिवशी तशीच सुकली.

अक्कांचे वडील, मास्तर, कथाकार होते. दोन संग्रह, काही मासिकांतून विखुरलेलं लेखन, आणि जाणकारांच्या लेखात कुठेतरी ‘आणि इतर’ यात येणारं नाव. त्यांचं चरित्र लिहायचं आणि सोबत निवडक पत्रं छापायची, असं काम माझ्याकडे आलं तेव्हा मी खूश झाले होते. इतरांच्या पुस्तकांवर हात फिरवण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत. मुद्रितशोधन, संपादन, कधी प्रस्तावनेचा कच्चा खर्डा, कधी अख्खं पुस्तक, ज्यावर नाव दुसऱ्याचं. हे पहिलं माझ्या नावाचं होणार होतं. मास्तर मुंबईत म्युनिसिपाल्टीच्या शाळेत, बायको आणि मुलगी कराडकडच्या गावात. अकरा वर्षं दोघांमधला संसार पोस्टाने चालला. मास्तरांनी बायकोची पत्रं एका पत्र्याच्या ट्रंकेत ठेवली होती. मी ती ट्रंक पहिल्यांदा उघडली तेव्हा डांबरगोळ्यांचा असा भपकारा आला की डोळ्यांतून पाणी आलं. बहुतेक पोस्टकार्डं. कार्ड भरलं की तिनं समासात लिहिलं होतं, समास भरला की कार्ड उलटं धरून ओळींच्या मधल्या जागेत. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर, एकेक अक्षर वेगळं, शिरोरेघ मधूनमधून विसरलेली. आणि प्रत्येक पत्राच्या शेवटी, विषय काहीही असो, म्हैस व्यायली असो की सासरा आजारी असो, तेच एक वाक्य: जेवन येळंवर घ्या.

मी ही पत्रं स्वतः टाइप केली. संध्याकाळच्या संध्याकाळी, कार्ड दिव्याखाली तिरपं धरून. आणि टाइप करतानाच कधीतरी न चा ण झाला. मी ठरवलं नव्हतं, हेच मला सगळ्यात जास्त बोचलं. ठरवलं असतं तर निदान भांडता आलं असतं. बोटांनी आपलं आपण केलं.

बोटं कुठून शिकली, ते मात्र मला माहीत आहे. पाचवीत आमच्या वर्गात इंदापूरकडून एक मुलगी आली होती. तेलानं चप्प बसवलेले केस, दोन घट्ट वेण्या. बाईंनी तिला उभं करून धडा वाचायला सांगितला आणि ती ‘पानी’ म्हणाली. वर्ग हसला. बाईंनी तिला दहा वेळा ‘पाणी’ म्हणायला लावलं. सातव्या-आठव्या वेळेला तिच्या तोंडून खरोखरच ण आला, पण तो इतका जड, इतका टाळ्याला चिकटलेला होता की वर्ग आणखी हसला. मीही हसले होते. ती मुलगी त्या वर्षी वर्गात नंतर फारशी बोलली नाही. मला तिचं आडनाव आठवत नाही, वेण्यांच्या लाल रिबिनी आठवतात. अक्कांच्या आईचं कार्ड हातात घेतल्यावर मला वाटलं असणार की हिला कुणी हसायला नको. म्हणजे दयाच. पण ती दया करताना मी त्या बाईंचंच काम पुढे चालवत होते, फक्त छडी न घेता.

माझे वडील कंपोझिटर होते. नारायण पेठेत, एका बोळातल्या छापखान्यात. संध्याकाळी घरी आले की त्यांच्या बोटांना रॉकेलचा वास यायचा, खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, धुतल्याचा. मी कधीकधी डबा घेऊन जायचे. खिळ्यांची केस त्यांच्यासमोर तिरपी मांडलेली, हातात स्टिक, आणि उजवा हात खान्यांतून न बघता फिरणारा, धान्य टिपणाऱ्या पाखरासारखा. अक्षरं उलटी, ओळी उलट्या, ते मात्र सुलट वाचावं तसं वाचायचे. एकदा एका लेखकाच्या हस्तलिखितात ‘आशिर्वाद’ असं ऱ्हस्व लिहिलेलं मी त्यांना दाखवलं. मला वाटलं शाबासकी मिळेल. ते म्हणाले, “ते प्रूफवाला बघेल. आपण कॉपीबरहुकूम.” समोर जे आहे तेच जुळवायचं. मला तेव्हा ती कामातली लाचारी वाटली होती. बापाला चूक दिसते आणि तो ती दुरुस्त करत नाही, हे दहा वर्षांच्या पोरीला कसं आवडावं? मी तेव्हाच ठरवलं होतं की आपण प्रूफवाला व्हायचं.

आणि झाले. त्यात मी चांगलीही आहे, हे सांगायला लाज नाही. एखादा मजकूर हातात आला की ऱ्हस्व-दीर्घ आधी दिसतं आणि अर्थ नंतर. लग्नपत्रिकेतल्या चुका मी आहेर देण्याआधी मोजते. माझ्या नवऱ्यानं लग्नापूर्वी लिहिलेल्या पत्रांत ‘तूझी’ असायचं, आणि मी ते मनात दुरुस्त करूनच वाचायचे. पुढे त्यालाही तशीच सवय झाली असावी, कारण वर्षभरानं ‘तुझी’ येऊ लागलं आणि पत्रं जरा लहान झाली.

पण अक्कांच्या फोननंतर त्या रात्री जे दिसलं ते न-ण पेक्षा वाईट होतं. मास्तरांची पत्रंही त्याच फाइलमध्ये आहेत. ती त्यांनी जुन्या पद्धतीनं लिहिलेली: ‘नाहीं’, ‘कांहीं’, ‘तेथें’, ‘घरांत’. १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले. मराठीच्या डोक्यावरची ती टिंबं एका फटक्यात साफ झाली, आणि जुनं पुस्तक पुन्हा छापताना ती ठेवायची की काढायची हा प्रत्येक संपादकाचा घरगुती भांडणाचा विषय झाला. काढावीत तर काळ पुसला जातो. ठेवावीत तर अर्थ सरकतो. मास्तर लिहितात, ‘घरांत कोणी नसलें म्हणजे फार जड जातें.’ आज शाळा शिकलेला मुलगा हे ‘अनेक घरांमध्ये’ असं वाचेल, कारण आता तो अनुस्वार अनेकवचनाचा. मास्तर मात्र एकाच घराबद्दल बोलत होते, भाड्याच्या एका खोलीबद्दल, जिथे ते एकटे होते. मी दोन दिवस विचार केला, दोघातिघांना फोन केले, आणि टिंबं ठेवली. प्रस्तावनेत मोठ्या रुबाबात परिच्छेद लिहिला की पत्रांचं मूळ लेखन कुठेही बदललेलं नाही, त्यावर काळाचा ठसा आहे वगैरे. त्याच आठवड्यात, त्याच कीबोर्डवर, मी त्यांच्या बायकोची पत्रं शुद्ध केली. नवऱ्याचं जुनं ते काळाचा ठसा. बायकोचं जुनं ती चूक.

मी प्रस्तावनेतला तो परिच्छेद पुन्हा वाचला आणि लॅपटॉप मिटला.

झोप येईना म्हणून काशीबाई काढल्या. काशीबाई कानिटकर माझ्या कपाटात नेहमी हाताशी असतात. सरोजिनी वैद्यांनी संपादित केलेलं ते जाड पुस्तक, ज्यात काशीबाईंचं त्यांच्या हयातीत न छापलेलं आत्मचरित्र आहे आणि त्याला जोडून वैद्यांनी लिहिलेलं त्यांचं चरित्र. या धंद्यातल्या माणसासाठी ते पुस्तक म्हणजे आरशासमोर आरसा. कारण काशीबाई स्वतः चरित्रकार. डॉ. आनंदीबाई जोशी यांचं मराठी चरित्र त्यांनी लिहिलं, १८८९ साली. म्हणजे चरित्र लिहिणाऱ्या बाईचं चरित्र, जवळजवळ शतकभरानं दुसऱ्या बाईनं लिहिलेलं. वैद्यांना लोक विद्यापीठातल्या प्राध्यापक म्हणून, राज्य मराठी विकास संस्थेच्या पहिल्या संचालक म्हणून ओळखतात. मला त्या आठवतात ते आत्मचरित्र आणि चरित्र एकाच बांधणीत ठेवल्यामुळे. स्वतःचं पान सुरू होण्याआधी काशीबाईंना त्यांचं त्यांचं बोलू दिलं. मधे बोलायचा मोह झाला नसेल असं नाही. मला तर दर पानाला झाला असता.

काशीबाईंच्या आनंदीबाईंबद्दल आता फार कमी बोललं जातं. १९६८ची श्री. ज. जोश्यांची कादंबरी, मग नाटक, २०१९चा सिनेमा, यांनी आनंदी आणि गोपाळ आपल्या डोळ्यांपुढे असे उभे केले की मूळ चरित्र मागे राहिलं. पण ते लिहिलं गेलं तो काळ बघा. आनंदीबाई गेल्या फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. पुढच्याच वर्षी बोस्टनहून कॅरोलाइन डॉल यांचं इंग्रजी चरित्र आलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी काशीबाईंचं. काशीबाईंचं लग्न नवव्या वर्षी झालेलं, अक्षरओळख लग्नानंतर, तीही घरातल्या बायकांचे टोमणे खात. अशा बाईच्या हातात आनंदीबाईंची पत्रं आली. त्यातलं एक अमेरिकेहून नवऱ्याला लिहिलेलं. त्यात आनंदीबाई हिशेब मांडतात: तुम्ही मला वागवलंत ते बरं की वाईट? उत्तर देतात, दोन्ही. हेतू पाहिला तर बरं, पण पोराच्या मनावर काय होईल ते पाहिलं तर वाईट. आणि मग सरळ मोजतात, कितव्या वर्षी लाकडाच्या तुकड्यांनी मारलंत, कधी खुर्च्या नि पुस्तकं फेकलीत, कधी सोडून जाईन म्हणून धमकावलंत.

हे पत्र काशीबाईंच्या पुस्तकात आहे.

गोपाळराव १९१२पर्यंत जगले. त्यांच्याच बायकोचं चरित्र, आणि त्याच बायकोनं त्यांच्यावर ठेवलेला हा जमाखर्च, छापून सगळ्यांच्या हाती. काशीबाईंनी ते पत्र गाळलं असतं तर कुणाला कळलं नसतं. गाळण्याची कारणंही तयार होती: नुकतीच गेलेली मुलगी, बायकांच्या शिक्षणाला टपलेले विरोधक, सुधारकांचीच लाज निघण्याचं भय. मी त्यांच्या जागी असते तर ‘विस्तारभयास्तव’ असं लिहून मोकळी झाले असते. आमच्या धंद्यात हा शब्द फार कामाला येतो. विस्तारभय म्हणजे बहुतेक वेळा नातेवाइकांचं भय.

दुसऱ्या दिवशी मी कराडची गाडी पकडली, अक्कांची माफी मागायला. त्यांचं घर जुन्या वस्तीत, पुढे ओटा, ओट्यावर तुळस आणि एक प्लास्टिकची खुर्ची, जिच्यावर त्या कुणाला बसू देत नाहीत. त्यांनी चहा ठेवला, माफी वगैरे ऐकूनच घेतली नाही. म्हणाल्या, “मीच कुठं सोडलंय? चाळीस वर्षं पोरांच्या वह्यांत न ला ण करत आले. तांबड्या पेनानं. आई बघायची मला वह्या तपासताना. एकदा म्हणाली, ‘माझी पत्रं तुझ्या हातात पडली आस्ती तर नापास झाले आस्ते.’” आणि हसल्या. मग हसणं थांबलं.

मी त्यांना बहिणाबाईंची गोष्ट सांगायला लागले. त्यांना माहीत होतीच, त्या मराठीच्याच शिक्षिका. सोपानदेव स्वतः कवी, प्रमाण मराठीत लिहिणारे. आईच्या ओव्या त्यांच्या वहीत होत्या. आई १९५१ला गेल्यावर ती वही अत्र्यांपुढे आली आणि १९५२ला पुस्तक झालं. त्या वहीपासून पुस्तकापर्यंत इतके शिकलेले हात लागले, तरी ‘मानूस’चा माणूस कुणी केला नाही. अक्का म्हणाल्या, “ती कविता होती म्हणून. पत्रात केला असता.” मला यावर उत्तर सुचलं नाही. कवितेला बोली शोभते, पोस्टकार्डाला ती अडाणीपणा ठरते. असा काही नियम कुठे लिहिलेला नाही, पण पाळतो सगळे.

मग त्यांनी मला प्रूफच्या खुणा विचारल्या. पुढची प्रत त्यांना कागदावर हवी होती, स्क्रीनवर डोळे दुखतात. मी त्यांच्या जुन्या हजेरीपत्रकाच्या पाठकोऱ्या पानावर काढून दाखवल्या. हे गाळा, हे जोडा, इथे जागा सोडा, इथून नवा परिच्छेद. आणि एखादा शब्द आपण खोडला, पण नंतर वाटलं की नको, होता तसाच राहू दे, तर त्याच्याखाली टिंबं द्यायची. त्यांना ही खूण फार आवडली. “म्हणजे चूक कबूल करायची सोय आहे होय तुमच्यात,” असं म्हणाल्या. त्यांनी दोनतीनदा टिंबं देऊन पाहिली, मुलं उजळणी करतात तशी.

निघताना दारात त्यांनी मला थांबवलं. “न सगळे परत ठेव. पण ते एक पत्र नको.” कुठलं, ते मी विचारलं नाही. ट्रंकेतल्या सगळ्या पत्रांत तसं एकच होतं. कार्ड नव्हे, बंद पाकिटातलं, वहीचा फाडलेला कागद. मी ते वाचलं त्या रात्री मास्तरांची कथा पुढे लिहिता आली नव्हती. ज्या माणसाची सहा प्रकरणं मी प्रेमानं लिहिली होती, तो सातव्यात वेगळाच दिसायला लागला, आणि मला राग त्याचा यायच्या आधी त्या कागदाचा आला होता. तो नसता तर पुस्तक किती सरळ झालं असतं.

मी तिथे शूरपणा दाखवला असं नाही. काशीबाईंचं नाव घेऊन त्यांना चार गोष्टी सांगता आल्या असत्या, पण दारात उभ्या असलेल्या सत्तरीच्या बाईला तिच्या आईबापांबद्दल मी काय सांगणार? मी म्हटलं, “अक्का, मी ते पानावर बसवून पाठवते. तुम्ही बघा आणि नको असेल तर तुमच्या हातानं काट मारा.” त्या ‘बरं’ म्हणाल्या. एसटीत बसल्यावर माझ्या लक्षात आलं की मी निवाडा त्यांच्या ओच्यात टाकून आले आहे. संपादकाची जुनी हातचलाखी. लेखकाला विचारलं, असं म्हणता आलं की आपण सुटलो.

नंतरचा महिना न परत बसवण्यात गेला. शोधा-आणि-बदला करून भागत नाही, कारण तिनं सगळीकडे सारखं लिहिलेलं नाही. एका कार्डात ‘पानी’, त्याच कार्डाच्या पाठीला ‘पाणी’, बहुधा त्या दिवशी पोरीच्या पुस्तकात पाहून. एक ओळ ‘न्हाई’ची, एक ‘नाय’ची. प्रत्येक कार्ड पुन्हा दिव्याखाली घेतलं. वडिलांचा उजवा हात आठवायचा. कॉपीबरहुकूम हे वाटतं तितकं बिनडोक काम नाही, स्वतःला दर अक्षरापाशी मागे खेचावं लागतं. आणि जसजशी ती बाई तिच्या भाषेत परत येऊ लागली तसतसे मास्तर लहान व्हायला लागले. लक्ष्मीबाई टिळकांचं नाही का तसंच झालं? मुलानं बापाच्या चरित्रासाठी आईला आठवणी लिहायला बसवलं, आणि १९३४ला ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला तो बाईचाच होऊन. माझ्या पुस्तकाचं नाव अजून मास्तरांच्याच नावानं आहे. प्रकाशकांना विचारायला हवं. विचारणार नाही बहुधा, मुखपृष्ठ होऊन गेलंय.

परवा कुरिअरनं अक्कांकडून प्रूफ परत आलं. हा लेख त्यांना फोनवर वाचून दाखवूनच टाकतेय, फक्त शेवटचा परिच्छेद सोडून. गठ्ठ्याला सुतळी बांधलेली, चहाचा एक गोल डाग, तांबडं पेन. माझ्याकडून निसटलेले चार ण त्यांनी पकडले होते आणि समासात ठसठशीत न काढला होता, प्रत्येक न भोवती एक गोल, वहीत गुण देतात तसा.

ते पत्र एकशे एकतिसाव्या पानावर होतं. मी आधी पुढचं पान बघितलं, मग मागचं, मग ते. ‘त्या रोजी तुमी मला पोरीदेखत मारलं ते मी इसरले न्हाई. तुमी बी इसरू नका. दोन पायल्या जोंधळा इकला. जेवन येळंवर घ्या.’ पानावर तिरपी काट सुरू झाली होती. वरच्या कोपऱ्यातून निघालेली तांबडी रेघ दुसऱ्या ओळीपर्यंत येऊन थांबलेली. आणि ‘पोरीदेखत’ या शब्दाखाली तीन टिंबं. ती त्यांनी खूण म्हणून दिली, की पेन टेकवून त्या तिथे नुसत्याच बसून राहिल्या होत्या, ते मी अजून विचारलेलं नाही.